शिखराचा शोध : इंजिनाच्या ‘टॉप डेड सेंटर’चा इतिहास

🧵 थ्रेड

१/
विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकशास्त्रात एका जुन्या अस्थिभंगाला नवे नाव मिळाले : ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे मोटारचालकाचे हाड मोडणे. त्या काळी मोटार सुरू करण्यासाठी पुढच्या बाजूला उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. क्वचित इंजिन अचानक उलटे फिरे, हँडल हातावर आदळे आणि मनगटाजवळचे, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडे. हँडल मारणाऱ्याची ताकद किंवा सवय यांपेक्षा या अपघाताचे मूळ एका अदृश्य बिंदूत होते. तो बिंदू म्हणजे ‘टॉप डेड सेंटर’, कारागिरांच्या बोलीतला ‘टीडीसी’.

२/
सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, वर-खाली होतो. कनेक्टिंग रॉड त्याची ही सरळ गती क्रँकपर्यंत पोहोचवतो आणि क्रँक तिचे चक्राकार गतीत रूपांतर करतो. पिस्टन सर्वांत वर पोहोचतो ते स्थान टॉप डेड सेंटर आणि सर्वांत खाली पोहोचतो ते बॉटम डेड सेंटर. या दोन्ही स्थानी क्रँक आणि कनेक्टिंग रॉड एका सरळ रेषेत येतात. तिथे पिस्टनवर कितीही जोर दिला तरी क्रँक तसूभरही फिरत नाही. म्हणून तो बिंदू ‘डेड’, म्हणजे मृत.

३/
पायाने चालवण्याच्या शिलाई मशीनवर ज्यांनी काम केले आहे, त्यांना हा मृत बिंदू पायाच्या अनुभवाने ठाऊक असतो. पायटा नेमक्या एका जागी थांबला की कितीही दाबला तरी चाक हलत नाही. मग हाताने वरचे चाक किंचित फिरवावे लागते आणि मशीन पुन्हा चालू लागते. मशीन बिघडलेले नसते. जोर असतो, पण त्या क्षणी त्याला फिरवण्यासाठी दिशाच उरलेली नसते.

४/
अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनाकडून चाक फिरवून घेण्याचा प्रश्न पुढे आला, तेव्हा हाच अडथळा अभियंत्यांसमोर उभा राहिला. बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डने १७८० मध्ये वाफेच्या इंजिनाला क्रँक जोडण्याचे पेटंट घेतले. ते पेटंट टाळण्यासाठी जेम्स वॉटने १७८१ मध्ये चक्राकार गतीच्या अन्य पद्धतींचे पेटंट मिळवले. त्यांपैकी ‘सूर्य-ग्रह’ दंतचक्रांची रचना सर्वाधिक गाजली. परंतु क्रँक टाळला तरी मृत बिंदू टळला नाही. त्यातून पार नेणारे खरे साधन होते जड फ्लायव्हील. गतीत आलेले हे चाक आपल्या जडत्वाने यंत्राला त्या क्षणातून पलीकडे खेचून नेई.

५/
रेल्वेच्या इंजिनात वेगळी युक्ती योजली गेली. दोन सिलिंडरांचे क्रँक परस्परांशी ९० अंशांच्या कोनात बसवले, की एक पिस्टन मृत बिंदूवर असताना दुसरा पुऱ्या जोराने काम करत असतो. अशा रीतीने मृत बिंदू ओलांडण्याचा प्रश्न सुटला. पण त्याच्या पाठोपाठ अधिक सूक्ष्म प्रश्न उभा राहिला : हा बिंदू नेमका आहे तरी कुठे?

६/
हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. पिस्टन टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी वाफेची झडप उघडू लागली, तर पुढच्या धावेसाठी वाफ तयार राहते. फार आधी उघडली तर ती येणाऱ्या पिस्टनलाच विरोध करते. उशिरा उघडली तर धावेचा आरंभ वाया जातो आणि कोळसा व्यर्थ जळतो. म्हणजे झडपेची वेळ लावायची तर मृत बिंदू अचूक माहीत असायलाच हवा.

७/
वरवर हे काम सोपे भासते. पिस्टन पाहत राहावा, तो सर्वांत वर आला की खूण करावी. गणित मात्र निराळे सांगते. ज्याची धाव ८० मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉड १३५ मिलिमीटर लांबीचा आहे, असे मोटारीचे इंजिन घेऊ. धावेच्या मध्यावर क्रँक १ अंश फिरला की पिस्टन सुमारे ०.७ मिलिमीटर सरकतो. शिखरापासून मात्र क्रँक १ अंश पुढे गेला तरी पिस्टन केवळ ०.००८ मिलिमीटर उतरतो. ५ अंश गेल्यावरही तो जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली आलेला असतो.

८/
याचा अर्थ असा की शिखराच्या आसपास क्रँक फिरत राहतो आणि पिस्टन जणू थांबलेला दिसतो. ‘सर्वांत वर’ अशी एक जागा डोळ्यांना सापडत नाही. सापडतो तो अनेक अंशांचा सपाट माथा. मापन-यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी तिथे त्याचा काटा जवळजवळ स्थिरच राहतो. मोजायची गोष्ट जिथे सर्वांत कमी बदलते, नेमक्या तिथेच तिचे मोजमाप करण्याचा हा प्रयत्न असतो.

९/
रेल्वेच्या कारागिरांनी यावर काढलेला मार्ग असा. ‘ट्रॅमेल’ नावाची, दोन्ही टोकांना अणकुचीदार वाकवलेली पोलादी सळई ते वापरत. पिस्टन शिखरापासून थोडा अलीकडे असताना त्याला जोडलेल्या क्रॉसहेडची जागा पट्टीवर खुणावली जाई. त्याच वेळी ट्रॅमेलचे एक टोक इंजिनाच्या चौकटीवरील ठरावीक बिंदूत रोवून दुसऱ्या टोकाने चाकाच्या कडेवर ओरखडा काढत. मग चाक पुढे फिरवत. क्रॉसहेड टोकाला जाऊन परतू लागे आणि बरोबर पहिल्या खुणेवर येई, तेव्हा चाकावर दुसरा ओरखडा काढला जाई.

१०/
दोन ओरखड्यांमधील कंस कंपासने बरोबर दुभागला की मृत बिंदू हाती येई. शिखरावर काहीच मोजले गेले नव्हते. चढावर एक खूण झाली, उतारावर तितक्याच उंचीची दुसरी झाली आणि शिखर त्या दोहोंच्या मध्यावरून काढले गेले. चढ-उतारावर पिस्टन वेगाने सरकत असतो, म्हणून तिथली खूण निःसंदिग्ध असते. शिखरावर दिसत नाही ते त्याच्या दोन्ही बाजू स्पष्ट सांगतात.

११/
ही विचारपद्धती इंजिनांहून फार प्राचीन आहे. भारतात यज्ञवेदीची दिशा ठरवण्यासाठी कात्यायन शुल्बसूत्रात शंकूची रीत सांगितली आहे. सपाट भूमीवर शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उभी करावी आणि तिच्याभोवती वर्तुळ आखावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे स्पर्श करते तिथे एक खूण, दुपारनंतर ते पुन्हा स्पर्श करते तिथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम, आणि तिला काटकोनात मध्यातून जाणारी ती उत्तर-दक्षिण.

१२/
माध्यान्हीची सर्वांत आखूड सावली थेट का शोधू नये? कारण माथ्यावर आलेला सूर्य उंचीच्या दृष्टीने जवळजवळ थांबलेला असतो. सावली कित्येक मिनिटे तेवढीच दिसते. म्हणून शुल्बकारांनीही शिखर सोडून दोन समान उतार पकडले. वाफेच्या इंजिनाच्या कारागिरांनी ही रीत भारताकडून घेतली, असा याचा अर्थ नव्हे. अडचण एकच असल्यामुळे दोन दूरच्या काळांतील माणसे एकाच उत्तराशी पोहोचली.

१३/
भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त या विषयाच्या दोन खोल बाजू आढळतात. पहिली : ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांतील फरक जिथे कमाल होतो, तिथे त्या फरकाच्या बदलाची गती शून्य होते. दुसरी : सकाळ आणि दुपार यांच्या दरम्यान सूर्याची क्रांती किंचित बदललेली असते, म्हणून शंकूच्या दोन खुणा पूर्णतः समरूप नसतात. त्यासाठी भास्कराचार्य संस्कार, म्हणजे दुरुस्ती, देतात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेव याने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात आहे.

१४/
आता पुन्हा इंजिनाकडे. निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार धावांचे यशस्वी इंजिन घडवले : मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे, धूर बाहेर टाकणे. ते मिनिटाला सुमारे १८० फेरे घेई आणि त्यातील मिश्रण सरकत्या झडपेतून आत आणलेल्या ज्योतीने पेटे. इतक्या संथ यंत्रात पेटण्याच्या क्षणी थोडीफार चूक झाली तरी निभावून जाई.

१५/
वेग वाढला तशी ही सूट संपली. डाइमलरच्या १८८५ च्या इंजिनात मिश्रण तापलेल्या नळीमुळे पेटे. पेटण्याचा क्षण मागे-पुढे करण्याची सोय त्या नळीत नव्हती. कार्ल बेंझने त्याच सुमारास आपल्या तीनचाकी मोटारीत विजेच्या ठिणगीचा मार्ग धरला. १८९५ नंतर द दियों-बूतों या फ्रेंच कंपनीची छोटी इंजिने विद्युत-ठिणगीच्या बळावर मिनिटाला दीड हजारांहून अधिक फेरे घेऊ लागली. १९०२ मध्ये रोबर्ट बॉशच्या कारखान्यात गोट्लोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. ठिणगी कधी पाडायची हे आता माणसाच्या हाती आले आणि त्याबरोबर चूक करण्याची शक्यताही.

१६/
ठिणगी शिखरावर पाडून भागत नाही, कारण मिश्रण एका क्षणात भडकत नाही. ज्वाला पसरायला वेळ लागतो. तो २ मिलिसेकंद धरला तर मिनिटाला १००० फेऱ्यांच्या वेगात क्रँक तेवढ्यात १२ अंश पुढे जातो. ३००० फेऱ्यांना ३६ अंश. प्रत्यक्षात वेगाबरोबर आतील खळबळ वाढते आणि ज्वालाही जलद पसरते, म्हणून हिशेब इतका सरळ राहत नाही. पण दिशा तीच : वेग जितका जास्त, ठिणगी तितकी आधी हवी. आणि ‘आधी’ म्हणजे कशाच्या आधी? टॉप डेड सेंटरच्या.

१७/
मोडलेल्या मनगटांचे स्पष्टीकरण इथे मिळते. हाताने हँडल मारताना इंजिन सेकंदाला एक फेरा घेते असे धरले, तर २ मिलिसेकंदांत क्रँक १ अंशही पुरा सरकत नाही. अशा वेळी ठिणगी शिखराच्या २० अंश आधी पडली, तर पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच सारे मिश्रण जळून जाते. स्फोटाचा दाब चढणाऱ्या पिस्टनला खाली ढकलतो. इंजिन उलटे फिरते. हँडलची खाच अशी असते की इंजिन सुलट चालू झाले तर हँडल आपोआप सुटते. उलट फिरले तर मात्र ते अडकूनच राहते आणि सारा धक्का हातावर येतो.

१८/
१९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टी मध्ये स्टिअरिंगखाली दोन दांड्या होत्या : उजवी इंधनाची, डावी ठिणगीच्या वेळेची. हँडल मारण्यापूर्वी डावी दांडी ‘उशिरा’च्या बाजूला नेणे हा पहिला नियम होता. दुसरा नियम अंगठ्याचा : अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचे, म्हणजे उलट धक्का बसला तर हात सुटून येईल. चालकाने स्वतःच्या हाडांच्या सुरक्षिततेसाठी एक भौमितिक बिंदू लक्षात ठेवण्याचा तो काळ होता.

१९/
चार्ल्स केटरिंगच्या विद्युत स्टार्टरने हा काळ संपवायला आरंभ केला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवूनच मिळू लागला. मॉडेल टी ला तो १९१९ मध्ये मिळाला. पुढे ठिणगीची दांडीही गेली. डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने वेगानुसार बाहेर फाकत आणि ठिणगी आपोआप आधी पाडत. चालक या चिंतेतून मुक्त झाला. त्याची चिंता मेकॅनिककडे आली, कारण सारी स्वयंचलित रचना एका आरंभबिंदूपासून मोजू लागली आणि तो आरंभबिंदू म्हणजे पुलीवर किंवा फ्लायव्हीलवर कोरलेली टीडीसीची खूण.

२०/
मिनिटाला शेकडो फेरे घेणाऱ्या पुलीवरची बारीक रेघ वाचायची कशी? फिरती वस्तू ठरावीक क्षणीच दिसू दिली तर ती स्थिर भासते, हे स्ट्रोबोस्कोपचे तत्त्व १८३२ मध्ये प्लाटो आणि श्टाम्फर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले होते. एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनने १९३१ च्या सुमारास त्याला विजेच्या तीव्र लखलखाटाची जोड दिली. गॅरेजमधील टायमिंग लाइट याच तत्त्वावर चालतो. पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीबरोबर दिवा चमकतो आणि धावती रेघ जागच्या जागी उभी राहते.

२१/
पण दिवा रेघ दाखवतो, ती रेघ खरी आहे की नाही हे सांगत नाही. अनेक इंजिनांत पुलीची बाहेरची कडी रबराने आतल्या भागाला चिकटवलेली असते. जुन्या रबराची पकड सुटली की कडी सरकते आणि तिच्यासोबत खूणही. मग चुकीच्या शून्यापासून केलेले प्रत्येक मोजमाप चुकत जाते. ठिणगी फार आधी पडू लागली तर इंजिन ठोके देते आणि पिस्टनला इजा होते. उशिरा पडू लागली तर शक्ती घटते आणि इंजिन तापते. अशा वेळी खरा टीडीसी नव्याने शोधावा लागतो.

२२/
ही रीत आजही ट्रॅमेलचीच. बॅटरीची जोडणी काढून पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढतात. चार धावांच्या इंजिनात पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा शिखरावर येतो. त्यांतील कॉम्प्रेशनचा फेरा कोणता, हे प्लगच्या छिद्रावर बोट धरून हवेच्या दाबाने ओळखतात. मग छिद्रात ‘पिस्टन स्टॉप’, म्हणजे पिस्टनला शिखराआधी अडवणारा खिळा, बसवतात. इंजिन हाताने हळूच फिरवून पिस्टन टेकला की अंशांच्या तबकडीवर खूण करतात. नंतर उलट दिशेने फिरवून तो पुन्हा टेकला की दुसरी.

२३/
समजा, तबकडीचे शून्य अंदाजाने लावले होते. एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला २८ अंश मिळाले. बेरीज ६२, निम्मे ३१. म्हणजे खरे शिखर अंदाजापासून ३ अंश दूर, ३४ च्या बाजूला. शून्य तेवढे सरकवले की दोन्हीकडे ३१ येतात. अनेक इंजिनांत पिस्टनची पिन मध्यापासून किंचित बाजूला असते, त्यामुळे चढ आणि उतार काटेकोरपणे समान नसतात. स्टॉप शिखराच्या जितका जवळ, तितका हा दोष कमी. फार जवळ आणला तर मात्र पुन्हा तोच सपाट माथा आडवा येतो. भास्कराचार्यांच्या संस्कारामागची अडचण इथे लोखंडात भेटते : दोन बाजू पूर्ण समरूप नसतील तर निव्वळ मध्य पुरेसा नसतो.

२४/
डिझेल इंजिनात ठिणगी नसते, तरी हा बिंदू सुटत नाही. तिथे इंधन फवारण्याचा क्षण टीडीसीपासूनच मोजतात. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी स्थापन झाली आणि विहिरीवरचे डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या शेतीत परिचित झाले. हँडलने सुरू होणाऱ्या अशा इंजिनांत आधी झडप उघडी धरून दाब सोडायचा, फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि मग झडप मिटायची, अशी रीत असते. मृत बिंदू पार करण्याचे काम वॉटच्या काळाप्रमाणेच जड चाकाचे जडत्व करते.

२५/
१९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोटारीत बॉशची मोट्रॉनिक प्रणाली आली आणि ठिणगी व इंधन यांचा हिशेब एकाच इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेला. पुढे रूढ झालेल्या एका रचनेत क्रँकवरील चक्रावर ६० दातांची जागा असते. प्रत्येक दात ६ अंशांचा. त्यांतील दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. संवेदक ५८ दात मोजतो आणि रिकाम्या जागेवरून चक्राची स्थिती ओळखतो. शिखर त्या जागेपासून ठरलेल्या अंतरावर असते. तेही थेट पाहिले जात नाही, मोजून काढले जाते.

२६/
प्रयोगशाळेतही हा प्रश्न संपलेला नाही. इंधन न जाळता इंजिन बाहेरून फिरवले आणि सिलिंडरमधील दाब मोजला, तर सर्वाधिक दाब शिखरावर यावा असे वाटते. पण दाबलेली हवा भिंतींना उष्णता देते आणि थोडी गळतेही. त्यामुळे दाबाचा कळस पिस्टनच्या कळसाच्या किंचित आधीच येऊन जातो. दाबाचे शिखर म्हणजे पिस्टनचे शिखर, असे गृहीत धरणाऱ्याचे इंजिनाच्या कामाचे गणित तेवढ्याने चुकते.

२७/
शंकूभोवतीचे वर्तुळ, चाकावरचे दोन ओरखडे आणि तबकडीवरचे ३१-३१ अंश यांत काळाचे अंतर प्रचंड आहे, साधने निराळी आहेत आणि हेतूही निराळे. वेदीची दिशा, कोळशाची बचत आणि मोटारीची ठिणगी यांना जोडणारा दुवा एवढाच : गती जिथे थांबल्यासारखी वाटते, तिथे डोळ्यांवर विसंबू नये, चढाची आणि उताराची साक्ष घ्यावी आणि मध्य काढावा. ज्या काळात ही साक्ष हँडल मारणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेली होती, त्या काळाची किंमत मनगटाच्या हाडांनी मोजली.